काळ्या ठिपक्यांची खिरापत

२४ ऑगस्ट, रविवार

काल नागपुरात मारबतीची मिरवणूक निघाली. तिकडे इतवारीत लोक ओरडले, इकडे नंदनवनात मी घरी टीव्हीपुढं बसून ओरडले, की ईडापीडा घेऊन जा. आणि आज जेवताना अमोल म्हणतो, दुकान चालत नाही.

अमोल माझ्या दिराचा मुलगा. गाव रामटेकच्या अलीकडं, घरी धानाची शेती. बारावीनंतर शिकायला माझ्याकडे आला तो इथलाच झाला. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. अमोलनं शिकून नोकरी केली, मग ती सोडून सक्करदऱ्याला दुकान टाकलं. खेळण्याच्या पत्त्यांचं. बदाम-इस्पिकचे नव्हेत. राक्षस, पक्षी, जादूची झाडं असलेले इंग्रजी पत्ते. बंद पाकिटात येतात, आत काय निघेल ते नशीब. पोरं पाकिटं घेतात, दुकानातल्याच टेबलावर खेळतात. पोरं म्हणजे कॉलेजातली, नोकरीतलीसुद्धा.

"दिवाळीपर्यंत पाहतो मोठी आई," म्हणाला. "नाही तं हैदराबादचे लोक बोलवून राहिले नोकरीले."

मी म्हटलं, "पाह्य बापा. भाजी घे."

मला तो जायला नको आहे. डायरीत तरी खोटं काहून लिहायचं?

२९ ऑगस्ट, शुक्रवार

दुपारी अमोलला बँकेत जायचं होतं, मी दुकानात बसले. तसं मला काय कळतं? शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचायला रद्दीच्या पेपरांनी शिकवलं आणि इंग्रजी अक्षरं गॅस एजन्सीच्या पाट्यांनी. पण डोळे तर आहेत.

टेबलावर गोलू होता. वीज कंपनीत नोकरीला आहे, तिशी उलटली, अजून गोलूच. समोर वैभवी, अभियांत्रिकीला आहे, वसतिगृहात राहते. पोरगी फार हुशार. प्रत्येक चालीआधी ओठ चावते. पण गोलूनं चहा गार व्हायच्या आत तिला हरवलं. त्याच्या पत्त्यांच्या कोपऱ्यात सोनेरी तारे, म्हणजे दुर्मिळ आणि महाग; तिच्या पत्त्यांच्या कोपऱ्यात काळे ठिपके, म्हणजे किरकोळ.

"याच्यात अक्कल कुठी लागली, गोलूभाऊ?" ती म्हणाली. "तुमचा पगार खेळून राहिला, तुम्ही नुसते बसले आहात."

"मंग तू बी लाग नोकरीले."

"आजी, यांचा हा एक पत्ता माझ्या महिन्याच्या मेसएवढा आहे." असं म्हणून तिनं बॅग उचलली. जाताना दोन पोरं तिच्यामागं गेली. गोलू एकटाच उरला आणि मला म्हणाला, "मोठी आई, तुम्ही खेळता का?" जिंकूनही त्याचं तोंड हरल्यासारखं होतं.

टेबलाखाली एक खोकं आहे. पाकीट फोडलं की तारेवाला पत्ता खिशात आणि काळ्या ठिपक्याचे सगळे त्या खोक्यात. "कचरा आहे," गोलू म्हणाला. मी चाळून पाहिलं. एकेक चित्र काय सुंदर! एक म्हातारी बेडकीण होती, डोळ्यावर चष्मा. तिला कचरा म्हणायचं?

खोकं रिक्षात घालून घरी आणलं.

४ सप्टेंबर, गुरुवार

गल्लीतल्या गणपतीचा भोंगा चालू आहे. मी पत्ते निवडते आहे. तांदूळ निवडावे तसे ताटात घेऊन, आगवाले एकीकडे, पाणीवाले एकीकडे. झाड, दगड आणि वारा अशा आणखी तीन जाती. अमोलनं खेळ शिकवला. प्रत्येकाला वीस प्राण, पत्त्यांच्या ताकदीनं समोरच्याचे प्राण कमी करायचे, ज्याचे आधी संपले तो हरला. तीन-पत्तीपेक्षा सोपं आहे, भाषा तेवढी अवघड.

माझा विचार असा: नुसत्या काळ्या ठिपक्यांवर खेळायचं. तीस पत्ते, एक पत्ता दोनदा नको. तारेवाला पत्ता घरी ठेवून या. मग गोलू आणि वैभवी एका पंगतीत बसतील, पोरं परत येतील, दुकान चालेल.

काल वैभवीला बोलावून एक डाव खेळवला. ती खेळली, हसली आणि म्हणाली, "आजी, रागावू नका. पण हे बिनमिठाचं वरण झालं."

रागावले नाही. खरंच अळणी होतं. दोघांकडे सारखंच किरकोळ, मग कुणी कशाला घाबरावं? पण रात्री भाकरी थापताना हात चालेना. दिवाळी काही लांब नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

काल पौर्णिमेला शेजारी भुलाबाई बसली. लेकींनी गाणी म्हटली, टिपऱ्या झाल्या, मग खिरापत. झाकलेला डब्बा मधे ठेवला आणि शेजारीण म्हणाली, ओळखा. पोरी डब्बा हलवून पाहतात, कान लावतात. "गोड का खारी?" "दाताखाली वाजते का?" "गुळाची का साखरेची?" शेजारणीनं खरं तेच सांगायचं असतं, पण चेहरा मात्र दगडाचा ठेवायचा. आत नुसते फुटाणे होते. फुटाणे! घरोघरी असतात. पण ओळखू येईपर्यंत साऱ्यांचा जीव त्या डब्ब्यात.

मी प्रसादाचे फुटाणे मुठीत तसेच धरून घरी आले.

खेळाचं नाव खिरापत, नियम असा. खेळाआधी दोघांनीही आपल्या तीस पत्त्यांतला एक निवडायचा आणि स्टीलच्या डब्ब्याखाली उपडा ठेवायचा. समोरच्यानं तीन प्रश्न विचारायचे. उत्तर हो किंवा नाही, आणि खरं. मग ओळखायचं. ओळखलं तर तो पत्ता त्या डावापुरता ओळखणाऱ्याचा. नाही ओळखलं तर ज्याचा आहे त्यानं तो आधीच मांडून खेळ सुरू करायचा. म्हणजे चांगला पत्ता लपवावा तर जायची भीती, फालतू लपवावा तर उपयोग नाही.

अमोलला सांगितलं. तो जेवायचा थांबला. "हे तुले कुठून सुचलं वं?"

"फुटाण्यांतून," मी म्हटलं.

१४ सप्टेंबर, रविवार

झालं एकदाचं. मी घरून डब्बे नेले, ते खोकं परत नेलं आणि मुरमुऱ्याचा चिवडा, फल्लीदाणे जास्त घालून. अमोलनं कालच सगळ्यांना फोनवर कळवलं होतं. आठ-नऊ जण आले. वैभवी आली.

गोलूनं पहिला डब्बा पाहून कपाळावर हात मारला. "माझे तारे घरी ठेवून मी डब्बे वाजवू का?"

"वाजवा नं भाऊ," वैभवी म्हणाली. "नोकरीतही तेच करता."

डाव लागला. तिनं विचारलं, "आगीचा आहे का?" नाही. "उडतो का?" नाही. मग तिनं पत्त्याचं काही विचारलंच नाही. विचारलं, "तुम्हाले हा पत्ता आवडते का?"

गोलू लाल झाला. सगळे ओरडले, असा प्रश्न चालत नाही. मग सारे माझ्याकडे वळले. माझ्याकडे! मी म्हटलं, खरं उत्तर देता येत असेल तर चालते. गोलू पुटपुटला, "हो."

"चष्मेवाली बेडकीण," ती म्हणाली. डब्बा उचलला. बेडकीणच. पत्ते निवडताना गोलू तिच्याकडे पाहून हसला होता, ते पोरीनं हेरलं होतं.

काय कल्ला झाला सांगू! बाहेरून जाणारा भाजीवाला डोकावून गेला. गोलू हरला आणि हरून इतका हसला की चिवड्याचा ठसका लागला. म्हणाला, दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्याकडे पाहून खेळलं. नाही तं सारे माझ्या पत्त्यांकडे पाह्यतात.

ज्यांच्याकडे पत्ते नाहीत त्यांच्यासाठी मी खोकंच टेबलावर ठेवलं. त्यातून तीस निवडा, खेळा, जाताना परत टाका. म्हणजे रिकाम्या हातानं आलेलाही उपाशी जात नाही.

अमोल गल्ल्यामागं उभा राहून पाहत होता. मधेच फोन आला म्हणून बाहेर गेला, बराच वेळ बोलत होता. मालाचं काही असेल. आत आला तेव्हा मी म्हटलं, "पाह्यलं का? चाललं तुझं दुकान."

"पाह्यलं, मोठी आई," म्हणाला.

१७ सप्टेंबर, बुधवार

अमोलनं गॅसचं कार्ड माझ्या नावावर करून आणलं. इतकी वर्षं यांच्याच नावावर होतं. फोनवरून सिलिंडर कसा मागवायचा तेही तीनदा करायला लावलं. विजेचं बिलही. मी म्हटलं, तू आहेस नं, मले कशाला? तर म्हणतो, "येत असलेलं बरं." धंद्यात जीव लागला की पोराला घरही दिसायला लागतं. चांगलं लक्षण आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

दुकानाबाहेर चपलांचा ढीग. वरच्या मजल्यावरून घरमालक भैय्याजी खाली आले. सत्तरीचे आहेत, आवाज कोतवालाचा. "काय लगन लावून राहिले का इथं? माझ्या सुनेले गाडी काढता येऊन नाही राहिली!"

मी त्यांना बसायला स्टूल दिलं, चिवडा दिला आणि म्हटलं, "भैय्याजी, या डब्ब्याखाली काय आहे ते ओळखा."

"मले काय करायचं?"

"नाही येणार ओळखता. सोप्पं नाही ते."

बसले. संध्याकाळी सुनेनं खाली येऊन हाक मारली तेव्हा उठले, तेही डाव अर्धा टाकून, कुरकुरत.

पोरं आता आपल्या मित्रांना घेऊन येतात. एक मुलगी कामठीहून बस बदलून आली. सगळ्यांना खोक्यातलेच पत्ते पुरतात, कुणाला काही विकत घ्यायची गरजच पडत नाही. यातच माझ्या नियमाचं खरं कसब आहे असं मला वाटतं. बंद पाकिटं भिंतीवर टांगलेली आहेत, कुणी हात लावत नाही म्हणून छान नीटनेटकी राहतात. मी फडक्यानं पुसून घेतली.

गर्वाचं घर खाली असतं, ठाऊक आहे. पण आज झोपण्याआधी स्वतःच्याच पाठीवर हात फिरवावासा वाटला. हात पोचला नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

अमोलनं मिस्त्री बोलावून न्हाणीघरात धरायला दांडी बसवली. आणि स्वतःसाठी एक मोठी चाकांची बॅग आणली. सेल होता म्हणे. मी म्हटलं, बरं केलंस, दिवाळीला गावी जाताना फराळ मावेल. त्यावर हसला नाही. दमतो आजकाल. रविवारची गर्दी काय कमी असते?

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज अमोल बाहेर गेला होता आणि त्याला माल पुरवणारे गृहस्थ दुकानात आले. सभ्य माणूस. पाणी दिलं. भिंतीकडे पाहून म्हणाले, "हाच माल अजून इथंच आहे?"

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, रविवारी येऊन पाहा, पाय ठेवायला जागा नसते.

"ते ऐकलं मी," ते म्हणाले. "साऱ्या नागपुरात बोलून राहिले लोक. पण बाई, अमोलजीनं ऑगस्टपासून एक खोकं उचललं नाही. विकत कोण घेते?"

मी म्हटलं, "विकत घ्यायची गरजच नाही, असा खेळ आहे तो."

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग मला माझंच वाक्य ऐकू आलं.

ते गेल्यावर मी भिंतीसमोर जाऊन उभी राहिले. मी पुसलेली तीच पाकिटं, त्याच खिळ्यांना. खेळायला येणाऱ्यांना पोटभर वाढलं, आणि ज्या चुलीवर रांधलं तीच विझवली. पंचाहत्तर टक्के शहाणपण आणि पंचवीस टक्के डोळे झाकलेले, असं माझं आयुष्यभर झालं आहे.

घरी येऊन वरणाला फोडणी दिली. मोहरी जळली.

८ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी विचारलंच.

"तुले माहीत होतं, दुकानात काही विकून नाही राहिलं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या रविवारपासून."

"मंग मले काहून नाही बोलला गा तू? मी तिथं चिवडा वाटत बसली!"

तो चहात पाव बुडवत होता. पाव चहात पडला, तो चमच्यानं काढत बसला. म्हणाला, "दुकान तसंही बसणारच होतं, मोठी आई. तीन वर्षं मी त्या टेबलाजवळ बहुतेक एकटाच बसलो. भरलेलं कसं दिसते ते पाहू तं दे म्हटलं."

"आणि हैदराबाद?"

"पाहू."

पाहू म्हणाला. म्हणजे अजून ठरलं नाही. दिवाळीआधी एक रविवार आहे. मी बिघडवलं, मीच नीट करते.

१२ ऑक्टोबर, रविवार

सगळे जमल्यावर मी टाळी वाजवून सांगितलं, आजपासून बसायचं तर एक पाकीट विकत घ्यावं लागेल. प्रत्येकानं.

अमोलनं मान वर केली.

वैभवीनं पैसे काढले. पाकीट घेतलं, फोडलं नाही, तसंच बॅगेत टाकलं. कामठीची मुलगी म्हणाली, "आजी, मी पुढच्या वेळी घेते," आणि चपला घालायला लागली. मग गोलू उठला. भिंतीवरची पाकिटं हातात मावतील तेवढी काढली, पैसे मोजून दिले आणि एकेकाला वाटत सुटला. "घ्या रे. मोठी आईच्या शब्दाचा मान आहे."

पोरांनी घेतली. लग्नात आहेर घ्यावा तशी, खाली पाहून. मग खेळायला बसले. डब्बे उचलले, ठेवले. कुणी ओरडलं नाही. भैय्याजींनी विचारलं, "कुणी मेलं का?"

मी तासभर पाहिलं. हे असं चाललं तर दुकान चालेल. महिनाभर, कदाचित दोन. लोक माझ्या तोंडाकडे पाहून पाकिटं घेत राहतील आणि अमोल त्या टेबलाजवळ राहील. मला हवं तेच. आणि त्या टेबलावर पुन्हा कुणी ठसका लागेपर्यंत हसणार नाही.

मी उठले. गल्ला उघडला आणि ज्याचे त्याला पैसे परत केले. गोलू घेईना, त्याच्या खिशात कोंबले. पाकिटं परत खिळ्यांना लावली. कामठीची मुलगी नाक्यावर अजून बसची वाट पाहत होती, वैभवीला धाडून तिला परत आणलं.

"मोठी आई, असं केल्यावर दुकान नाही राहणार," अमोल हळूच म्हणाला.

"दिसते मले," मी म्हटलं. "जा तू हैदराबादले. डब्बे दे इकडं."

त्यानं डब्बे दिले. मग स्वतः समोर बसला. इतक्या रविवारांत पहिल्यांदाच खेळला. मी त्याची खिरापत एका प्रश्नात ओळखली. तो काय लपवील हे मला कळणार नाही तर कुणाला?

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

भाऊबीज झाली आणि आज सकाळच्या गाडीनं अमोल गेला. चाकाची बॅग बरोबर कामी आली. नशीब, वेळेवर सेल लागला होता.

दुपारी गोलू ते पत्त्यांचं खोकं आणि दुकानातलं टेबल टेम्पोत घालून माझ्या अंगणात उतरवून गेला. मी म्हटलं, इथं काहून? तर म्हणाला, "अमोलनं सांगितलं नं, रविवार इथं. सप्टेंबरातच सांगितलं होतं त्यानं." सप्टेंबरात दुकान तर जोरात होतं. गोलू महिने विसरतो.

घर मोठं वाटतं आहे. दोन वाट्या तांदूळ लावले, सवयीनं.

९ नोव्हेंबर, रविवार

अंगणात तीन टेबलं, त्यांतली दोन शेजारणीकडून मागून आणलेली. भैय्याजी रिक्षा करून आले, म्हणाले इकडंच काम होतं. वैभवीनं वसतिगृहातल्या चौघींना आणलं. चिवडा पुरला नाही, तर्री-पोहे केले.

ऐन रंगात अमोलचा फोन. हैदराबादला ऑफिसातल्या चार जणांना खिरापत शिकवली म्हणे. अडलं होतं. दोघांनीही एकमेकांचा पत्ता बरोबर ओळखला तर पहिली चाल कुणाची?

मी म्हटलं, "अरे, हे तं ठरलं आहे. जो वयानं लहान त्याची."

"हो का? आणि दोघंही एका वयाचे असले तं?"

"मंग जो पाहुणा त्याची. हेही ठरलं आहे, तू तिथंच होता उभा."

"बरं. काय केलं आज खायले?"

पोहे, म्हटलं. कोण जिंकलं, कोण भांडलं, भैय्याजी आले का, कामठीवाली आली का, सारं विचारलं. मग पुन्हा एक नियम. तिकडून ऑफिसवाल्यांचा काही आवाज येत नव्हता. शहाणे लोक असतील, मुकाट्यानं थांबतात.

मी म्हटलं, "पाह्य अमोल, तू एकदा सारे नियम लिहून घे. मी सांगते, हळूहळू."

"नाही लिहीत," म्हणाला. "विचारत जाईन."

पहिल्यापासून आळशीच आहे.